पहिल्या पानाच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. दुकानाच्या कोपऱ्यात जिच्या झाकणावर वही टेकवून लोक अर्ज भरत असतात, ती मीच. झाकणावर पेनांच्या रेघोट्या उमटल्या आहेत, एक बिजागरी सैल झाली आहे आणि माझा ट्रे कधीच कुठल्या तरी अडगळीत गेला. आता माझ्याकडून कोणी काम करून घेत नाही. पण एक खोड मात्र अजून सुटलेली नाही. मला दुसऱ्यांचे कागद वाचायला फार आवडतात. हे सभ्यपणात बसत नाही, हे मलाही कळतं. पण लोकच आपले कागद माझ्या तोंडावर उपडे ठेवत असत, मग मी डोळे मिटून कशी बसणार?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला पहिलं पान दाखवलं ते नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. मी त्याची हुबेहूब प्रत काढली. तपासणाऱ्या माणसाने मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. त्या पट्ट्या कशाच्या होत्या, ते मला कोणी सांगितलं नाही. मनात राहून गेलेला माझा हा पहिला प्रश्न.

पुढची काही वर्षं मी एका शाळेच्या ऑफिसात होते. तिथे माझा थाट होता. परीक्षा जवळ आली की मुख्याध्यापिका स्वतः येत, दाराला आतून कडी लावत आणि प्रश्नपत्रिका माझ्या काचेवर ठेवत. साऱ्या शाळेच्या आधी सगळे प्रश्न मला माहीत असत. उत्तरं मात्र कोणी कधी माझ्याकडे आणली नाहीत. समोरासमोरून निघालेल्या दोन गाड्या एकमेकींना कुठे भेटतील, असा एक प्रश्न दर वर्षी असे. त्या गाड्या सुखरूप भेटल्या की नाही, याची काळजी मला आजही वाटते.

मग शाळेत नवी मशीन आली आणि मी या दुकानात आले. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक अरुंद खोली. समोर काउंटर, मागे कागदांचे गठ्ठे, भिंतीवर पासपोर्ट फोटोंचे नमुने आणि छताला कुरकुरणारा पंखा. मालक मनाने चांगला माणूस. चष्मा कपाळावर चढवून सगळीकडे चष्मा शोधत फिरायचा. त्याने मला पुसून, न्याहाळून जागेवर ठेवलं आणि म्हणाला, "हिचा आवाज जरा जास्त आहे, पण काम चोख करेल." एकाच तोंडून कौतुक आणि खोट ऐकायची मला तेव्हापासून सवय झाली.

मालकाची एक पद्धत होती. सरकारी नोकरीची कुठलीही जाहिरात निघाली की तो ती कॉम्प्युटरवरून छापून घ्यायचा, पहिल्या पानाची माझ्याकडून झेरॉक्स काढायचा आणि दुकानाबाहेर बांधलेल्या दोरीवर चिमट्याने लटकवायचा. सकाळी ती दोरी पानांनी भरलेली असे. कामावर जाता-जाता लोक थांबत, माना वर करून वाचत आणि आत येऊन म्हणत, "मालक, दोरीवरच्या त्या तिसऱ्या पानाची एक झेरॉक्स द्या." मग मालक तेच पहिलं पान पुन्हा माझ्या काचेवर ठेवायचा. त्यावर पदाचं नाव, जागा किती, पगार किती, वयाची अट आणि अर्जाची शेवटची तारीख, एवढं असे. "माणसाला लागतं ते सगळं पहिल्या पानावर असतं," असं मालक छातीठोकपणे सांगायचा. खोट्या जाहिराती ओळखण्यात तो पटाईत होता, हेही सांगायला हवं. ज्या कागदावर जाहिरातीचा क्रमांक नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, तो कागद तो दोरीच्या जवळही येऊ देत नसे. त्यामुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास होता.

मला मात्र चैन पडत नसे. कारण त्या प्रत्येक पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, '१४ पैकी पान १'. कधी '२२ पैकी पान १'. मित्रांनो, तुमच्या हातात कोणी गोष्टीचं पहिलंच पान द्यावं आणि बाकीचं पुस्तक कपाटात बंद करावं, तर तुम्हाला कसं वाटेल? उरलेल्या पानांवर असतं तरी काय, या विचाराने माझा दिवा कधी कधी उगाचच लुकलुकायचा. मालक म्हणायचा, "व्होल्टेज कमी दिसतंय."

त्याच सुमारास दुकानात एक नवा शब्द रुळला. झालं असं की, आरोग्य खात्याच्या एका भरतीत आपल्या गल्लीतले बरेच जण अपात्र ठरले. यादी आली, मालकाने माझ्याकडून तिची प्रत काढून दोरीवर लावली. पुष्कळ नावांपुढे कारण म्हणून फक्त 'मुद्दा ९.४' एवढंच लिहिलं होतं. त्यात ट्रक चालवणारा ड्रायव्हर होता. त्याला रुग्णवाहिकेवर नोकरी हवी होती. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर होता. दोघेही यादीखाली उभे राहून आपल्या नावापुढच्या आकड्याकडे बघत राहिले.

"हे नऊ पूर्णांक चार काय असतं?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही म्हणायची त्यांची पद्धत असते," मालक म्हणाला. "आपल्या नशिबात नव्हतं, दुसरं काय."

तेव्हापासून कोणाचं कुठलंही काम अडलं की दुकानात म्हणत, "नऊ-चार झालं." कंपाउंडरचं लग्न मोडलं तेव्हा त्यालाही नऊ-चारच झालं होतं. लोक हसत. मी मात्र विचार करत बसे. नऊ-चार आहे, म्हणजे त्याआधी नऊ-तीन असणार, आणि ते सगळं कुठल्या तरी पानावर छापलेलं असणार. ते पान याच दुकानात, मालकाच्या गठ्ठ्यात असणार. माझ्यापासून चार हातांवर, आणि मला ते दिसत नव्हतं.

त्या यादीत आणखी एक नाव होतं. ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं. ते होतं वहिनींचं. त्या एका खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करत. साऱ्या गल्लीच्या त्या वहिनी, म्हणून माझ्याही. त्यांची प्रमाणपत्रं मी इतक्यांदा पाहिली होती की त्यांच्या फोटोतला केसांचा विस्कटलेला भांगही मला पाठ होता. प्रयोगशाळेतलं काम सकाळी सुरू होई आणि संपे केव्हा याचा नेम नसे. सुट्टी मागितली की साहेब म्हणायचे, उद्यापासून येऊच नका. सरकारी रुग्णालयात तंत्रज्ञाची नोकरी लागावी, ही त्यांची एकच इच्छा होती. त्यांच्या नावापुढेही तेच, मुद्दा ९.४. त्यांनी यादी एकदा वाचली. पदराने कपाळ पुसलं आणि घरी गेल्या.

वर्ष उलटलं आणि त्याच खात्याची तीच जाहिरात पुन्हा आली. मालकाने पहिलं पान माझ्या काचेवर ठेवलं. वयाची अट वाचली आणि माझ्या लक्षात आलं, वहिनींना आता ही शेवटचीच संधी होती. पुढच्या वर्षी वय आड येणार होतं.

त्या संध्याकाळी वहिनी आल्या त्या एकट्या नव्हेत. बरोबर त्यांची नणंद होती. नणंदेचं शिवणाचं दुकान होतं. वयाने दोघी बरोबरीच्याच, पण नणंदबाईंचा आवाज मोठा आणि नजर घारीची. चुका काढणं हा नणंदेचा हक्कच असतो म्हणतात, आणि या बाईंनी तो हक्क एका वहिनीपुरता ठेवला नव्हता. भाजीवाला, पोस्टमन, इस्त्रीवाला, कोणी सुटत नसे. वहिनी त्यांना चिडवायला जुन्या चालीने 'वन्सं' म्हणत.

वहिनींनी नेहमीप्रमाणे पहिलं पान मागितलं. नणंदबाईंनी ते हातात घेतलं, उलटलं, पुन्हा सुलटलं.

"बाकीचं कुठंय?" त्यांनी विचारलं.

"बाई, लागतं ते सगळं पहिल्या पानावर असतं," मालक म्हणाला.

"मग उरलेली तेरा पानं त्यांनी हौस म्हणून छापली का?"

मालक डोकं खाजवत गठ्ठ्यातून पूर्ण जाहिरात काढायला उठला. मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो काय सांगू! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. मला तर सबंध जाहिरात मिळत होती.

एकेक पान येऊ लागलं. दुसऱ्या पानावर कुठल्या शहरात किती जागा ते होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं की नेमणूक कुठेही होऊ शकते. हे पहिल्या पानाने कधी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या पानावर होतं की यातल्या काही जागा कायमच्या आहेत आणि काही ठरावीक मुदतीपुरत्या. पुढे वय कुठल्या तारखेला मोजायचं ते होतं. अर्ज भरतो त्या दिवशीचं वय धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मग परीक्षेत कशाला किती गुण ते आलं. एका पानावर लिहिलं होतं, जाहिरातीत पुढे काही बदल झाला तर शुद्धिपत्रक निघेल, ते बघत राहणं ही उमेदवाराची जबाबदारी. प्रत्येक पानागणिक मी मनात म्हणत होते, अरे, हे असं होतं होय! इतकी वर्षं मी जाहिरातीचं नुसतं तोंड पाहिलं होतं. आज तिच्याशी ओळख होत होती.

आणि मग काचेवर आलं ते पान. वरच लिहिलेलं होतं, 'मुद्दा ९ : सर्वसाधारण अटी'. माझा दिवा सरकला. नऊ-एक, नऊ-दोन, नऊ-तीन. मी इतकी अधीर झाले होते, आणि तेवढ्यात आतून कर्रर्र आवाज झाला. कागद अडकला.

मी मुद्दाम केलं, असं सांगायचा मला मोह होतो. श्रेय कोणाला नको असतं? पण खरं सांगते, माझा रोलर झिजला होता आणि त्या दिवशी कागद दमट होता. मालकाने माझं बाजूचं दार उघडलं आणि कागद ओढून काढला. तो चुरगळलेला आणि वर काळे डाग पडलेला निघाला. त्याने तो काउंटरवर हाताने सपाट केला आणि म्हणाला, "वाचता येतंय, चालेल."

झालं. एवढं वाक्य नणंदबाईंना पुरेसं होतं. वाचता येत नाही हे सिद्ध करायला त्यांनी काचेवरचं मूळ पान उचललं, चुरगळलेलं पान शेजारी ठेवलं आणि शिवणाची टीप तपासावी तसं एकेक ओळ बोटाने धरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुठे अक्षर पुसलंय, कुठे डाग पडलाय, ते त्या दाखवत गेल्या. मालक हात जोडून म्हणत होता, बाई, मी दुसरी काढून देतो. पण एकदा सुरू झालेल्या नणंदबाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"नऊ पूर्णांक चार," त्यांनी वाचलं. "पदासाठी लागणारी सर्व प्रमाणपत्रे, परवाने आणि व्यावसायिक नोंदणी अर्ज करण्याच्या शेवटच्या तारखेस वैध असणे आवश्यक आहे. त्यानंतर मिळवलेली किंवा नूतनीकरण केलेली कागदपत्रे विचारात घेतली जाणार नाहीत."

  फोटो काढायला आलेला ड्रायव्हर बाकावर बसला होता, तो उठून उभा राहिला. त्याचा परवाना गेल्या वर्षी नूतनीकरणाला दिलेला होता आणि हातात आला तो शेवटच्या तारखेनंतर. "म्हणजे ते नशीबबिशीब नव्हतंच," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"वहिनी, तुझी नोंदणी दाखव," नणंदबाई म्हणाल्या.

वहिनींनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. रक्त तपासणाऱ्यांना आपलं नाव त्यांच्या व्यवसायाच्या परिषदेत नोंदवावं लागतं, त्याचं ते प्रमाणपत्र. मी ते कितीदा पाहिलं होतं. निळी किनार, मध्ये गोल शिक्का, खाली दोन सह्या. मी शपथेवर सांगितलं असतं की त्यात काही खोट नाही. नणंदबाईंनी ते हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे उलटं केलं. मागे छोट्या चौकटीत तारीख होती. मुदत संपून दोन वर्षं होऊन गेली होती.

मित्रांनो, माझ्या काचेवर त्या प्रमाणपत्राची पाठ कधी टेकलीच नव्हती. सगळ्यांना समोरची बाजू तेवढी हवी असे. मला स्वतःची फार लाज वाटली, जरी त्यात माझं काय चुकलं ते मला सांगता येणार नाही.

वहिनी स्टुलावर बसल्या. "प्रयोगशाळेत कोणी कधी विचारलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मी विसरूनच गेले होते."

"अर्ज तर भरून टाका," मालक समजुतीच्या सुरात म्हणाला. "मुलाखतीच्या वेळी नवीन दाखवता येईल."

"मुलाखतीचं इथे नावसुद्धा नाही," नणंदबाईंनी ओळीवर बोट आपटलं. "आज अर्ज भरायचा नाही. आधी नोंदणी, मग अर्ज."

"वन्सं, परिषदेचं ऑफिस दुसऱ्या शहरात आहे. पुढच्या आठवड्यात शेवटची तारीख. साहेब सुट्टी देणार नाहीत."

"साहेबाशी मी बोलते."

ते ऐकून मला त्या साहेबांची पहिल्यांदाच दया आली.

नंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. तुम्ही म्हणाल, मशीनला काय, कागद टाकला की प्रत निघाली. पण माझं लक्ष दारात. कोणी पायरी चढलं की वाटे, वहिनीच आल्या. सुट्टी मिळाली असेल का? ऑफिसातल्या माणसाने उद्या या म्हणून परत पाठवलं असेल का? विचारायला मला तोंड नाही. मालकही अस्वस्थ होता. त्याने दोरीवरचं ते पहिलं पान काढून घेतलं, परत लावलं, परत काढलं. एकदा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वर्षानुवर्षं मी लोकांना अर्धीच जाहिरात देत आलो गं." दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा हे तो मलाच म्हणाला असणार.

शेवटच्या तारखेला दुपार कलली तरी वहिनींचा पत्ता नव्हता. मालकाने माझा रोलर काढून पुसला, कोरडे कागद भरले आणि मला आधीच सुरू करून ठेवलं. इतकी सेवा माझी कधी झाली नव्हती. अखेर दोघी आल्या. वहिनींच्या साडीवर प्रवासाची धूळ होती आणि नणंदबाईंचा आवाज चक्क बसला होता. परिषदेच्या ऑफिसात तो किती वापरावा लागला असेल, याची कल्पना करा.

वहिनींनी नवं प्रमाणपत्र काचेवर ठेवलं.  "दोन्ही बाजू," त्या म्हणाल्या.

मी जन्मभरात इतकी जपून प्रत काढली नसेल. आधी समोरची बाजू. मग पाठ. पाठीवर नवी तारीख स्वच्छ काळ्या अक्षरात होती. कागद अडकला नाही. मालकाने कॉम्प्युटरवर अर्ज भरला, नणंदबाईंनी प्रत्येक रकाना वाचून पाहिला, त्यात दोन चुका काढल्या, आणि दोन्ही खरंच चुका होत्या.

पुढे पात्र-अपात्र उमेदवारांची यादी आली. वहिनींच्या नावापुढचा कारणाचा रकाना रिकामा होता. ड्रायव्हरच्या नावापुढचाही. परवाना आता हातात असल्यामुळे या वेळी त्यानेही अर्ज केला होता. खरं सांगायचं तर पात्र होणं म्हणजे नोकरी लागणं नव्हे. ड्रायव्हर चाचणीत मागे पडला. पण दोरीखाली उभं राहून तो म्हणाला, "या वेळी कशामुळे गेलं ते तरी कळलं. पुढच्या वेळी तयारी करून येतो." तो नशिबाबद्दल काही बोलला नाही.

नंतर एके सकाळी वहिनी एक जाड पाकीट घेऊन आल्या. मागे नणंदबाई होत्याच. पाकिटातून नेमणुकीचं पत्र निघालं. मालकाने चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून त्याला तसंही काही दिसलं नसतं. सवयीने तो विचारून गेला, "पहिलं पान काढू?"

वहिनी हसल्या. "सगळी काढा," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येकाची मागची बाजूसुद्धा."

पत्राची मागची बाजू कोरी होती. मी त्या कोऱ्या बाजूंच्याही प्रती काढल्या. मालक हसला, वहिनी हसल्या. नणंदबाईंनी मात्र प्रत्येक कोरा कागद उजेडात धरून तपासला.

त्यानंतर काही काळाने दुकानात नवी मशीन आली. ती दोन्ही बाजू आपोआप काढते आणि माझ्यासारखी खडखड करत नाही. मी कोपऱ्यात सरकले. सुरुवातीला वाईट वाटलं. काच धुळीने भरली, वर गठ्ठे साचले. मग एक दिवस मालकाने गठ्ठे उचलले, मला पुसलं आणि माझ्या झाकणावर एक जाहिरात ठेवली. संपूर्ण. नणंदबाईंनी तिची पानं जाड दोऱ्याने शिवून दिली होती, कोणाला पहिलं पान फाडून नेता येऊ नये म्हणून. तेव्हापासून दोरीवरचं पहिलं पान वाचून जो आत येतो, त्याला मालक माझ्याकडे पाठवतो. "त्या म्हातारीपाशी उभे राहा आणि शेवटपर्यंत वाचा, मग बोलू." म्हातारी म्हणजे मी.

मित्रांनो, लोक आता माझ्यावर कोपरं टेकून वाचतात. मला पान दिसत नाही, कारण ते झाकणावर असतं आणि माझे डोळे झाकणाखाली. पण पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू येतो. कोणी चौथ्या-पाचव्या पानावर थांबलं की माझा जीव कासावीस होतो. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. उद्या तुमच्या हातात अशी जाहिरात आली, तर अर्ज भरण्याची घाई करू नका. वय कुठल्या तारखेला मोजणार ते बघा, कागदपत्रांची मुदत बघा, अटी वाचा, न कळलं तर विचारा, आणि प्रमाणपत्र एकदा उलटून बघा. आणि वाचता वाचता माझ्यावर चहाचा कप ठेवणार असाल तर जरा जपून. मी आता प्रती काढत नाही, पण शेवटचं पान उलटल्याचा आवाज ऐकायला मला अजून पुष्कळ दिवस इथे राहायचं आहे.